वाफ दिसली पाहिजे!

कॉफी सगळेच पितात, हल्ली तिचे फोटोही सगळेच काढतात. पण पाहणाऱ्याला घोट घ्यावासा वाटेल असा फोटो हजारांत एखादाच. रायपूरच्या चौबे कॉलोनीत एक फेरफटका मारला, तर ही कला शिकण्यासारखी आहे हे पटतं. आणि फोटोत फक्त कपच येत नाही, हेही.

नागपूरहून हावड्याच्या दिशेनं गाडी निघाली, की गोंदियानंतर डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं. मग राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी मागं टाकत, सुमारे तीनशे किलोमीटरवर रायपूर येतं. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि हे शहर राजधानी बनलं. तेव्हापासून शहराचा तोंडवळा झपाट्यानं बदलला. उड्डाणपूल आले, मॉल आले, आणि गल्लोगल्ली कॉफीची दुकानं आली.

मराठी माणसाला मात्र रायपूर परकं वाटत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता. बिंबाजी भोसले तर रतनपूरला राहूनच कारभार पाहत. त्या काळापासून आलेली, नंतर रेल्वे, शाळा, कचेऱ्या आणि वकिलीच्या निमित्तानं आलेली मराठी कुटुंबं इथं रुजली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली सुरू करणारे आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि १९२६ साली इथंच वारले. जुन्या शहरातल्या तात्यापारा भागाचं नाव ऐकलं, तरी आपल्याकडच्या एखाद्या पेठेत आल्यासारखं वाटतं.

चौबे कॉलोनी ही त्या मानानं नंतरची वस्ती. ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे इथल्या भाषेत ‘जीई रोड’, त्याच्या आत शिरलं की ती लागते. ‘कॉलनी’ नाही बरं का, पाटीवरही ‘कॉलोनी’ आणि इथल्या मराठी घरांतल्या बोलण्यातही ‘कॉलोनी’च! एका अंगाला समता कॉलोनी, जवळच अभियांत्रिकी आणि आयुर्वेदाची महाविद्यालयं, पलीकडे विद्यापीठ. त्यामुळं विद्यार्थ्यांची वर्दळ. आणि वस्तीच्या मध्यात महाराष्ट्र मंडळाची वास्तू. गणेशोत्सव, नाटक, हळदीकुंकू, सगळ्याला मराठी मंडळी इथंच जमतात. जुनी बैठी घरं, त्यांच्या शेजारी चारमजली इमारती, आणि तळमजल्यावर काचेची दारं लावलेली कॉफीची दुकानं, असं हे मिश्रण आहे. कॉफीच्या फोटोसाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

आधी कॅमेरा, मग घोट

संध्याकाळी पाचनंतर या भागातल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात जाऊन बसा. कप टेबलावर आला, की पहिला मान मोबाइलचा. वरून एक, बाजूनं एक, मग कप हातात धरून एक. तोवर दुधाच्या फेसावर काढलेलं पान किंवा बदाम विस्कटलेला असतो आणि कॉफी कोमट झालेली असते. घरातली वडीलधारी मंडळी यावर नाकं मुरडतात. पण तरुण मुलांच्या या हौसेला नुसतं हसण्यात अर्थ नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोरियाहून नाव घेऊन आलेली ‘दालगोना’ कॉफी घराघरांत पोहोचली ती कशामुळे? फोटोंमुळेच. खरं तर इन्स्टंट कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घालून हात दुखेपर्यंत फेटायची रीत आपल्याकडे कितीतरी जुनी! उत्तरेतल्या लग्नांमधली ‘फेंटी हुई कॉफी’ म्हणजे तिची सख्खी बहीणच. फक्त तिचा फोटो कुणी काढला नव्हता.

छायाचित्रकाराच्या दृष्टीनं कॉफी हा मोठा अवघड विषय आहे. चहाला निदान लालसर सोनेरी रंग तरी असतो. काळी कॉफी प्रकाश गिळून टाकते. दूध घातलं की मातकट दिसते. फेस मिनिटा-दोन मिनिटांत बसतो. वाफ तर डोळ्यांना दिसते, पण फोटोत गायब होते. म्हणूनच जाहिरातींच्या दुनियेत एकेकाळी सर्रास लबाडी चालायची. कॉफीच्या जागी पाणी घातलेला सोया सॉस, फेसाच्या जागी साबणाचे बुडबुडे आणि कपामागं लपवलेली वाफेची नळी! चित्र झकास, पण पिण्याजोगं काही नाही. आपल्याला असली लबाडी करायची गरज नाही. थोडं प्रकाशाचं गणित कळलं, की पुरे.

प्रकाश पाठीमागून हवा

वाफ म्हणून आपल्याला जे दिसतं, ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब असतात. या थेंबांवर पडलेला प्रकाश बराचसा पुढच्याच दिशेनं विखुरतो. म्हणून खिडकी आपल्या पाठीशी असेल, तर वाफ दिसत नाही. कप खिडकी आणि आपण यांच्या मध्ये ठेवला, म्हणजे प्रकाश कपाच्या मागून किंवा तिरका मागून आला, की तीच वाफ चांदीच्या तारेसारखी चमकते. मात्र तिच्या मागं काहीतरी गडद हवं. गडद रंगाचं दार, जुनं लाकडी कपाट, काळी शाल, काहीही चालेल. पांढऱ्या भिंतीपुढं पांढरी वाफ कशी दिसणार?

हवेचाही वाटा आहे. हवा थंड असली, की वाफेचे थेंब लवकर बनतात आणि जास्त वेळ टिकतात. रायपूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं सहज जातो. तेव्हा उकळती कॉफी कपात ओतली, तरी वाफ जेमतेम दिसते. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहा-सातला कॉलोनीत धुकं उतरलेलं असतं, उन्हं तिरपी येतात. पूर्वेकडे खिडकी असलेलं स्वयंपाकघर हा त्या वेळी फुकटचा स्टुडिओ असतो.

दुसरं गणित कॅमेऱ्याच्या डोळ्याचं. कॅमेरा गडद वस्तू दिसली, की तिला उजळ करायला धावतो. त्यामुळं कॉफी राखाडी, विटकी दिसते. मोबाइलच्या पडद्यावर कॉफीवर बोट टेकवा आणि उजेड कमी करायची खूण थोडी खाली ओढा. कॉफीचा खरा तपकिरी रंग परत येतो. काचेच्या पेल्यात काळी कॉफी असेल आणि मागून ऊन येत असेल, तर कडेला गुळाच्या पाकासारखा रंग उतरतो. तो टिपण्यासारखा असतो.

जायफळ आणि कपाचा कान

मराठी घरातली कॉफी ही दुकानातल्या कॉफीपेक्षा अगदी निराळी. दूध उकळायचं, त्यात कॉफी आणि साखर घालायची, आणि वरून सहाणेवर उगाळलेलं किंवा किसलेलं जायफळ, चिमूटभर. रोज चहा, पण खास पाहुणे आले, डोहाळजेवण असलं, किंवा आजारातून उठलेल्याला तरतरी आणायची असली, की कॉफी. आजीच्या पिढीला पोलसनची कॉफी अजून आठवते. चिकरी घातलेली, डब्यातून मिळणारी. कॉफीच्या वड्याही मिळत. गरम दुधात विरघळवल्या, की कॉफी तयार. चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांत जायफळाची ही चाल अजून मोडलेली नाही. शेजारी हिंदीभाषक, ओडिया, तेलुगू, बंगाली. त्यांनाही आता ‘महाराष्ट्रियन कॉफी’ ठाऊक झाली आहे.

या कॉफीचा फोटो काढायचा, तर नुसता कप पुरत नाही. सहाण, अर्धं झिजलेलं जायफळ, सायीची किनार, बशीत सांडलेला थेंब, हे सगळं हवं. कपाला तडा असला, तर असू द्या. फोटोत एखादी वस्तू वापरातली दिसली, की पाहणाऱ्याला तिथं माणूस असल्याची खूण पटते.

आणि लक्ष द्यायचं ते कपाच्या कानाकडे. मराठीत कपाला कान असतो, ही आपल्या भाषेची गंमत. कान उजवीकडे वळलेला असेल, तर समजावं की पिणारा कॅमेऱ्याच्याच बाजूला बसला आहे. कान पलीकडे असेल, तर कप दुसऱ्या कुणासाठी आहे. एवढ्याशा फरकानं फोटोचा अर्थ बदलतो.

याचा अर्थ एरवी आम्हांला इतका कळला नसता. तो कळला कॉलोनीतल्या पंचाहत्तरीच्या एका आजींमुळे. मुलगा आणि सून पुण्यात, या इथं एकट्या. रोज सकाळी साडेसहाला स्वयंपाकघराच्या ओट्यावरून कॉफीच्या कपाचा एक फोटो पुण्याला जातो.

“अहो, फोटोबिटो मला कुठे येतो!” आजी सांगत होत्या. “पण मुलगा म्हणाला, आई, तू रोज मेसेज लिहायला कंटाळतेस, तर नुसता कॉफीचा फोटो टाकत जा. फोटो आला म्हणजे तू उठलीस, ठीक आहेस, असं मी समजेन.”

चार वर्षं हा नेम चालू आहे. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी सुनेचा फोन आला. “आई, आठ दिवस झाले, कपाचा कान डावीकडे दिसतोय. उजव्या हाताला काय झालंय?”

आजींचा उजवा खांदा आखडला होता. हात वर जात नव्हता. ‘उगीच मुलांना काळजी कशाला’ म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. कपाच्या कानानं मात्र चहाडी केली! मुलगा दोन दिवसांत आला, उपचार सुरू झाले, व्यायाम करून खांदा बराच मोकळा झाला. आजींचे ते फोटो आम्ही पाहिले. काही हललेले, काहींत अर्धा कप कापलेला. कुठल्याही स्पर्धेत ते बाद होतील. पण ते रोज कुणीतरी नीट पाहतं. फोटोचं याहून मोठं चीज ते कोणतं?

पगडी, ट्रे आणि परवानगी

कॉलोनीतून जीई रोडनं जयस्तंभ चौकाकडे गेलं, की कॉफीचा आणखी एक अवतार भेटतो, इंडियन कॉफी हाऊस. पांढरा गणवेश, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेली पगडी, जाड पांढरे कप. या कॉफी हाऊसची कहाणी तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मुळात ही कॉफी हाऊसं कॉफी बोर्ड चालवत असे. १९५० च्या दशकात बोर्डानं ती बंद करायला घेतली, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ साली बंगळूरला झाली. पुढं इतर शहरांतही अशा संस्था उभ्या राहिल्या. मध्य प्रदेश-छत्तीसगडातली कॉफी हाऊसं जबलपूरच्या संस्थेची आहेत. म्हणजे कॉफी आणून देणारा वेटर हा एका अर्थानं दुकानाचा भागीदार असतो.

इथं फोटो काढायचा मोह होतो तो पगडीचा. पण आधी विचारावं. ‘दादा, फोटो काढू का?’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? परवानगी घेतली, की माणूस मोकळा होतो, ट्रे जरा थांबवून धरतो. न विचारता काढलेल्या फोटोत त्याच्या चेहऱ्यावर आधी कपाळाची आठी येते. रायपुरातच २०१३ साली सुरू झालेल्या ‘नुक्कड’ या चहा-कॉफीच्या दुकानानं कर्णबधिर तरुण-तरुणींना कामावर घेतलं आणि त्याची देशभर चर्चा झाली. तिथं मागणी खुणांनी किंवा लिहून सांगायची. अशा ठिकाणी तर परवानगीही डोळ्यांनीच घ्यावी लागते आणि डोळ्यांनीच मिळते.

दरभ्याचा दुसरा फोटो

रायपूरच्या कॉफीच्या दुकानांत अलीकडे एक पाकीट दिसू लागलं आहे, ‘बस्तर कॉफी’. छत्तीसगडात कॉफी पिकते, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. कॉफी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं येतं ते कूर्ग आणि चिकमगळूर. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणून तिथल्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. पण आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, आणि बस्तरला लागून असलेल्या ओडिशाच्या कोरापूटमध्येही कॉफीचे मळे आहेत. उंची, सावली आणि पाऊस यांचा मेळ जमला, की कॉफी येते.

बस्तरमध्ये ती आली दरभा भागात. रायपूरहून जगदलपूर सुमारे तीनशे किलोमीटर, आणि तिथून सुकम्याच्या रस्त्यावर दरभा. जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तिथं वीस एकरांवर प्रयोग म्हणून लागवड केली. अरेबिका आणि रोबस्टा या दोन्ही जाती लावल्या. झाडं जगली, फळं धरली, आणि आसपासच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनीवरही लागवड होऊ लागली.

दरभ्याचं नाव याआधी देशानं ऐकलं होतं ते वेगळ्याच कारणानं. २५ मे २०१३ रोजी याच भागातल्या झीरम घाटीत काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर माओवाद्यांनी हल्ला केला. महेंद्र कर्मा, नंदकुमार पटेल यांच्यासह अनेकांचे जीव गेले. त्यानंतर कितीतरी दिवस दरभा म्हणजे वर्तमानपत्रातला जळालेल्या गाड्यांचा फोटो, एवढीच ओळख राहिली. तिथं राहणाऱ्या माणसांना ही ओळख पुसता येत नव्हती. बाहेरचा व्यापारी यायला तयार नाही, पाहुणा यायला तयार नाही.

म्हणून बस्तरच्या कॉफीच्या फोटोला आम्ही नुसती हौस म्हणणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये पावसाची एखादी सर पडली, की कॉफीच्या फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात. वास जुईच्या जवळचा. ही फुलं दोन-चार दिवसच टिकतात. नोव्हेंबरपासून फळं लाल व्हायला लागतात. पानांतून गाळून आलेल्या उन्हात, लाल फळं तोडणाऱ्या हातांचा एक स्वच्छ फोटो पाकिटावर आला, तर रायपूरच्या दुकानात उभा असलेला ग्राहक पाकीट उलटून पाहतो, दरभा हे नाव वाचतो, आणि या वेळी त्याला गाड्या आठवत नाहीत. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळायला असा फोटो उपयोगी पडतो. तो काढणाऱ्यानं मात्र त्या हातांच्या मालकिणीला विचारलेलं असावं, आणि फोटोची प्रत तिला मिळालेली असावी. चौबे कॉलोनीतल्या टेबलावर फेसाचे फोटो काढणाऱ्या मुलांनी कधी जगदलपूरची बस धरली, तर त्यांच्या हौसेचं सोनं होईल.

एक कप, हजार फोटो

एकाच कपाचे किती फोटो काढायचे, असं कुणी विचारलं, तर एडवर्ड स्टायकेन यांचं नाव सांगावं. पहिल्या महायुद्धानंतर या नामवंत अमेरिकी छायाचित्रकारानं एक पांढरा कप आणि बशी समोर ठेवून हजारांहून अधिक फोटो काढले. मागं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा ठेवायच्या आणि प्रकाश कसा पडतो ते पाहायचं. गवयानं पहाटे खर्ज लावावा, तसा हा रियाज होता. कप-बशी कुणाच्याही घरी असते. रियाज मात्र करावा लागतो.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुना रीळचा कॅमेरा धूळ खात पडला आहे, त्यांच्यासाठी एक गंमत. कॉफी फोटोचा विषय तर होतेच, ती फोटो ‘धुऊ’ही शकते! अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९९५ साली एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसह इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या मिश्रणात कृष्णधवल फिल्म धुऊन दाखवली. कॉफीतलं कॅफेइक आम्ल फिल्मवरचं चित्र उमटवतं. वास मात्र असा सुटतो, म्हणतात, की पुन्हा कॉफी प्यायला मन धजावत नाही!

फोटो काढताना

• कप खिडकीजवळ ठेवा, खोलीतले दिवे बंद करा. दोन रंगांचे प्रकाश मिसळले, की दूध पिवळं दिसतं.

• वाफ हवी असेल, तर प्रकाश मागून आणि पार्श्वभूमी गडद. फेसावरची नक्षी हवी असेल, तर कॅमेरा अगदी वरून, कपाला समांतर.

• सगळी मांडणी रिकाम्या कपावर आधी करून घ्या. गरम कॉफी शेवटी ओता. हातात जेमतेम दोन मिनिटं असतात.

• खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद किंवा पांढरा टॉवेल उभा धरा. कपाची अंधारी बाजू उजळते.

• मोबाइलची काच आधी रुमालानं पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर तेलकट वाफेचा थर बसतो.

• ओतताना, ढवळताना, फुंकर घालताना फोटो काढा. हालचाल असली, की चित्र जिवंत होतं.

• कपाचा कान कुणाकडे आहे, ते पाहा.

• माणूस चित्रात येत असेल, तर आधी विचारा.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. दोन मिनिटं झाली, की कॅमेरा बाजूला ठेवा. कॉफी केली आहे ती कुणीतरी कुणासाठी तरी. ती गरम असतानाच प्यायली गेली पाहिजे.